शर्टाला शिवलेला मास्तर

ती. ताईस,

दोन्ही हात जोडून नमस्कार (एका हातात खडू आहे, चालवून घे). तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींची चिडचिड कमी झाली का? मी बरा आहे. शाळेची तब्येत मात्र तोळामासा.

यंदाही आमचा निकाल जिल्ह्यात तळाला. हेडसरांनी फर्मान काढलं, गैरहजर मुलांच्या घरी जा आणि पालकांची कानउघाडणी करा. माझ्या वाट्याला चिमणी आली. दहावीतली माझी सगळ्यात हुशार मुलगी (आवाज चिमणीचा, गणित वाघिणीचं). भाषण पाठ करून गेलो. एकच खोली, शर्टांचे ढीग, आणि ढिगांआड मायलेकी बटणं लावताहेत. मी शिक्षणाचं महत्त्व सुरू केलं, तर आई म्हणाली, "सर, बोला तुम्ही, पण हात रिकामे नका ठेवू. संध्याकाळी माल न्यायला गाडी येते." मग मी बोलत राहिलो, शिवत राहिलो (दोन्ही सारख्याच कौशल्याने). उठायला गेलो, तर शर्टही माझ्यासोबत उठला. बटण थेट माझ्या पँटला शिवलं होतं! चिमणी खदखदून हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. दोरा कापत म्हणाली, "सर, शिवणकामात तुम्ही नापास."

तेवढ्यात आईने सुई लेकीपुढे धरली. लेकीने ओवून दिली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. आईला दोरा दिसतच नव्हता गं. "ही शाळेत गेली की माझं काम बंद," आई म्हणाली आणि अपराध्यासारखी हसली. उरलेलं भाषण मी गिळलं.

त्यानंतर चिमणी शाळेत आलीच नाही. इकडे हेडसरांनी गैरहजर मुलांची नावंच पटावरून काढून टाकली. सभेत म्हणाले, "आता बघा टक्केवारी!" टाळ्या पडल्या. मी उठून म्हणालो, "त्यातली एक पहिली आली असती, सर." ते कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले. माणूस वाईट नाही. निकाल असाच राहिला तर शाळेला कुलूप लागणार आहे. शेवटी म्हणाले, "परीक्षेला बसवा तिला. नाव मी परत घालतो."

तुझा धाकटा

ता. क. भावोजींनी आजवर एवढ्यांचे डोळे बरे केले, चिमणीच्या आईचेही बघतील का, एवढंच विचारायचं होतं.

आणखी ता. क. उत्तराची वाट न बघता दोघींना सकाळच्या गाडीत बसवतोय. पत्र त्यांच्याच हाती देतोय. म्हणजे आत्ता त्या तुझ्या दारात उभ्या असतील. आधी त्यांना आत घे, पत्र मग वाच. मुलगी तुला एकटीला गाठून विचारेल, आईला दिसेल का. भावोजी सांगतील तेच सांग. धीराच्या खोट्या गोष्टी आम्ही तिला शाळेत पुष्कळ सांगितल्यात.