बाबा पवनचक्क्यांबद्दल "उभारा" म्हणाले

मंगळवार संध्याकाळ, इंद्रलोक वसाहत

अजून डोकं ठिकाणावर नाही. धरणांच्या पाण्यात पवनचक्क्या उभारायच्या सरकारी नियमांचा मसुदा आलाय, त्यावर आज ऑनलाइन सुनावणी होती. सुरुवात रायगडातल्या आमच्या धरणापासून होणार आणि आमचं गाव त्याच पाण्याखाली गेलेलं. तेव्हापासून बाबांनी घरात कधी गावाचा विषय काढू दिला नाही. म्हणून 'आमच्या गावावर खांब नकोत' असं विरोधाचं भाषण मीच लिहून दिलं होतं, मोठ्या अक्षरांत.

बाबांचा नंबर आला. त्यांनी माझा कागद बाजूला सारला आणि अधिकाऱ्यांना म्हणाले, "साहेब, माझी हरकत नाही. उभारा."

उभारा? बाबा म्हणतायत हे? स्क्रीनवर गाववाले ओरडायला लागले, "दादा, काय बोलताय!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लॅपटॉप मिटताच मी भडकले. "बाबा, उभारा काय? असं कसं म्हणालात?"

"मसुदा नीट वाचलास का? खांब रोवायच्या आधी पाण्याखालच्या जमिनीची पाहणी करायची, फोटो काढायचे, गावकऱ्यांना दाखवायचे, असा नियम आहे त्यात."

"मग?"

"मग काय. आपलं घर अजून उभं आहे का, ते कळेल."

इतकी वर्षं मला वाटत होतं, हा माणूस गाव विसरलाय. विसरलाय म्हणून बोलत नाही. किती चुकले मी!

चहा टाकायला आत जाताना ते दारात थांबले. "फोटो रंगीत असतील ना गं?"

मला काय माहीत. पण मी मान हलवली.