मोरपंखीच्या कुंपणातलं भोक

मी, खाली सही करणारी, शिवणकामावर घर चालवलेली, नवऱ्यामागे कोणापुढे हात न पसरलेली आणि सगळ्या गल्लीत ‘थोरली’ म्हणून ओळखली जाणारी बाई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर व स्वखुशीने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो आधी शेजारी राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीला दाखवावा, कारण तिचाच विश्वास बसायचा नाही.

कलम १. राहतं घर व बँकेतली शिल्लक माझ्या मुलाला द्यावी. तो परगावी बसून उंटावरून शेळ्या हाकतो, पण मुलगा आहे.

कलम २. शिलाई मशीन सुनेला. शिवत नसेल तर न शिवो, त्यावर कुंड्या मात्र ठेवू नयेत.

कलम ३. दोन्ही घरांमधलं मोरपंखीचं कुंपण आणि ते ज्या पट्ट्यात उभं आहे ती जमीन. ही जमीन माझ्या हद्दीत असून तिच्यावर माझ्या एकटीचा हक्क आहे. झाडं आईने लावली. छाटणी तिनेच शिकवली: तळाशी रुंद, माथ्याशी निमुळती. “वरच्याने अंग चोरायचं, तेव्हा खालच्याला ऊन मिळतं,” असं ती म्हणायची. ती झाडांबद्दल बोलत होती. मला मात्र जन्मभर ते माझ्याबद्दलच वाटलं.

मी माझी बाजू नियमाने कापली. दर छाटणीला कात्रीला धार लावली, मुळांशी पालापाचोळा घातला, उन्हाळ्यात स्वतः अर्धी बादली वापरून झाडांना पुरी दिली. धाकटी आठवण आली की चार फांद्या उडवायची. तरी तिची बाजू हिरवीगार, कारण ऊन तिकडे. आणि येणारा-जाणारा म्हणणार, “धाकटीच्या हाताला गुण आहे हो!” माझ्या पोटात दुखायचं. अजूनही दुखतं.

आई पडली आणि तिचं चालणं थांबलं, तेव्हा मी तिला माझ्याकडे आणलं. धाकटीशी भांडून आणलं. मागच्या खिडकीशी तिची खाट टाकली. म्हटलं, आता तरी आई माझी. तर आठवड्याच्या आत धाकटीने आपल्या बाजूने कुंपणात हे एवढं भोक पाडलं, पार आतल्या तपकिरी लाकडापर्यंत.

“ताई, ओट्याशी उभी असले की आई दिसावी, एवढंच गं. दोन महिन्यांत भरून येईल.”

“मोरपंखी आहे ती, तुझे केस नव्हेत,” मी म्हटलं.

हिरवा भाग कापला तर मोरपंखी फुटते. आतलं जुनं लाकूड उघडं पडलं की तिथे पुन्हा पान येत नाही. हे आईने आम्हा दोघींना एकाच दिवशी सांगितलं होतं.

तेव्हापासून अंग पुसायचं मी, घास भरवायचा मी, आणि आईची नजर त्या भोकात. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. एकदा मी भोकावर फळी ठोकली. आई म्हणाली, “काढ गं ती. तिचं काय चाललंय, दिसत नाही मला.” मी फळी काढली. माझं काय चाललंय, हे तिने कधी विचारलं नाही. मी समोरच होते ना.

आता त्या खाटेवर मी असते. सकाळी धाकटी ओट्याशी येते आणि भोकातून मला पळी हलवून दाखवते. मी लगेच हात हलवत नाही, थोडं थांबून हलवते. तिला तेवढी चुटपुट लागलेली बरी.

मुलगा म्हणतो, झाडं काढून भिंत घालू. भिंतीला भोक नसेल. म्हणून हे कुंपण, जमिनीसकट, मी धाकटीला देते. लिहिताना हात जड झाला आहे, पण देते. भोक कोणी बुजवू नये.

कलम ४. आईची छाटणीची कात्री. ती आईने मला दिली होती, कौतुक तिला आणि कात्री मला. तीही आता धाकटीलाच. तिने माझी बाजूही कापावी, तीही उतरती. तिकडे ऊन कमी असतं हे तिला एकदा कळू दे.

कलम ५. धाकटीला एक ताकीद. मी आईकडे आधी चालले आहे. तिने अजिबात घाई करू नये. औषधं वेळेवर घ्यावीत, छाटणीला स्टुलावर चढू नये आणि चांगलं म्हातारं व्हावं. थोडी वर्षं तरी आई मला एकटीला मिळू दे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि त्यातलं काहीही मागे घेत नाही.

सही: थोरली

साक्षीदार:
१. कोपऱ्यावरचे औषधवाले (मजकूर न वाचता सही केली)
२. निवृत्त पोस्टमन (वाचून, डोळे पुसून सही केली)

ठिकाण: मागची खोली, खिडकीशी
दिनांक: यंदाच्या छाटणीनंतरचा पहिला रविवार