छपरावरचा पेंढ्याचा माणूस

ट्रोन्हाइम, ७ मे

प्रिय ओडवारदादा,

पाय कसा आहे? आईची खुर्ची बाहेर काढून उन्हात बसतोस ना? इकडे सगळं हिरवं. आमच्या कंपनीत आता 'ठीक' असं काही नसतं, हिरवं असतं.

तू घरी गेल्यापासून साइटवरच्या बराकीत भिंतभर फळा लागलाय. रोज सातला त्याच्यासमोर उभं राहून सगळ्यांनी कामगिरी सुधारायची. आमचे संचालक व्हेगार्ड यांनी जन्मात एक खिळा सरळ ठोकलेला नाही, ते सुतारांना विचारतात, "आज तुमचा अडथळा कोणता?" परवा म्हातारा हालगाइर म्हणाला, "ही सभा." व्हेगार्डनी तेही गंभीरपणे लिहून घेतलं आणि पिवळा गोल चिकटवला.

फळ्यावर सगळ्यात वर: अपघाताविना दिवस, ४१२. चारशे पुरे झाले तेव्हा वेलदोड्याचे पाव वाटले. मीच वाटले. सुधारणा विभागाची प्रमुख ना मी!

छप्पर चढलं की बांधणाऱ्यांना मालकानं जेवण द्यायचं, हे आजोबांच्याही आधीपासूनचं. व्हेगार्डनी ते रद्द केलं. "अर्धा दिवस वाया. फळा लाल दिसेल." मग मंगळवारी सकाळी आढ्यावर पेंढ्याचा माणूस उभा. जेवण न देणाऱ्या कंजूष मालकाला सुतार असाच मान देतात.

"इंगुन, ते बुजगावणं उतरव," व्हेगार्ड मला म्हणाले. "बाराला पाहुणे येतायत."

"सुतारांना सांगा ना."

"सांगितलं. म्हणे, उंचीवर सगळ्यांना एकदम चक्कर येतेय."

मी चढले. त्याच्या डाव्या पायाला गुडघ्यापर्यंत पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली. तिच्यावर नावं, प्लास्टरवर लिहितात तशी. हालगाइर, क्रेन चालवणारी मारित, सळ्या बांधणारे पोलिश, झाडूवालासुद्धा. फळा फक्त आम्हीच वाचत होतो, दादा. त्यांना सगळं माहीत होतं.

इथवर मी व्हेगार्डनाच हसत आले. ते सोपं आहे.

तू शिडीवरून पडलास, त्याच्या दुसऱ्या दिवशी तुला टॅक्सीनं आणून बराकीत बसवलं, पुढ्यात कॉम्प्युटर ठेवला. 'हलकं काम'. म्हणजे तू गैरहजर नाहीस, म्हणजे अपघात झालाच नाही. त्या कागदावर सही व्हेगार्डची नाही, माझी आहे. तू घामानं भिजला होतास आणि मी म्हणाले, "आठवडाभर सांभाळून घे रे, माझ्यासाठी." तू घेतलंस. आता विमावाले विचारतात, अपघातच नाही तर भरपाई कसली? आणि डॉक्टर म्हणतात, तू पुन्हा शिडी चढायचा नाहीस.

मी त्या पेंढ्याच्या माणसाला आढ्यावर तसाच उभा ठेवून खाली आले. कामगार निरीक्षकांना लिहिलं: तारीख, तुटकी शिडी, तुझं नाव, आणि खोटा कागद कुणी केला त्याचं नाव. मग फळ्यावरचे ४१२ पुसून तू पडल्यापासूनचे ३८ लिहिले.

व्हेगार्ड किंचाळले, "हा लाल गोल तुझ्या नावावर लागेल!"

"लावा," म्हटलं.

सोमवारी वर बोलावलंय. बहुधा आता मलाच हलकं काम मिळेल. निरीक्षकांच्या पत्राची प्रत सोबत जोडली आहे, विमावाल्यांना दाखव.

प्लास्टर पुढच्या गुरुवारी निघणार ना? त्याआधी येऊ? त्याच्यावर माझंच नाव लिहायचं राहिलंय. दार उघडलं नाहीस तरी चालेल, मी पायरीवर बसेन.

ज्या बहिणीसाठी तू सांभाळून घेतलंस, ती
इंगुन