टाकीवाल्यांचे लिफाफे

४ जून
आजपासून खुर्चीवरचं काम! वीस वर्षं प्लास्टिकच्या या कारखान्यात टाकीत उतरून भिंतींवरचा थर खरवडला; आता कारखान्याच्याच दवाखान्यात जुन्या नोंदी संगणकात चढवायच्या. इथला डॉक्टर म्हणजे माझा थोरला भाऊ. फेब्रुवारीत माझ्या यकृतात गाठ दिसली, तेव्हा सुईने तुकडा काढून तपासायला त्यानेच पाठवला. निरुपद्रवी आहे, रक्तवाहिन्यांचा नुसता गुंता, म्हणाला. टाकीवरच्या टकल्याने निरोप देताना चिडवलं, साहेबांचं बूड आता खुर्चीला चिकटणार. दादाची अट एकच: कपाटातले बंद लिफाफे उघडायचे नाहीत. तू उघडणार नाहीस म्हणूनच तुला आणलं, म्हणाला. अभिमान वाटला.

१९ जून
नोंदींप्रमाणे सात जुने टाकीवाले यकृताच्या आजाराने वारलेत. सातही ठिकाणी कारण एकच, दारू. त्यांतला मुकादमाचा भाऊ तर थेंबालाही शिवत नसे. दादाला विचारलं. तो हसला, माणसं घरी खोटं बोलतात, म्हणाला. पटलं. की मी पटवून घेतलं?

२ जुलै
पोट जड. शर्ट सैल झाला, पट्टा मात्र लागत नाही. कपाटात त्या सात जणांचे लिफाफे आहेत. आठव्यावर माझं नाव. दादाला शब्द दिलाय. पण नाव माझं आहे.

५ जुलै
उघडला. यकृतातल्या रक्तवाहिन्यांचा दुर्मीळ कर्करोग. टाकीतल्या वायूमुळे होऊ शकतो. गाठ एकच, तातडीने शस्त्रक्रिया करावी. तारीख फेब्रुवारीची.
मग उरलेले सातही उघडले. तोच आजार.

६ जुलै
दादाने नाकारलं नाही. तुला मोठ्या इस्पितळात पाठवलं असतं तर बोभाटा होऊन टाकी बंद पडली असती, म्हणाला. तुला टाकीबाहेर काढलं, ते काय कमी केलं? लहानपणी तापात माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवणारा हात. तोच हात—

७ जुलै
मोठ्या इस्पितळात स्कॅन केला. गाठी अकरा. शस्त्रक्रियेची वेळ गेली. औषधं देऊन बघू, म्हणाल्या डॉक्टरबाई. माझ्याकडे न बघता.

८ जुलै, सकाळ
टाकीच्या तोंडाशी बसून लिहितोय. आज सहा जण उतरणार. माझा रिपोर्ट मुकादमाला दिला, मोठ्याने वाच म्हटलं. पोटात एकदम कळ— घाम— दादा जिना चढून आलाय. सांगतोय, आजारी माणूस आहे, भ्रमात बोलतो. मुकादम वाचायचा थांबला. माझ्याकडे स्वतःच्या भावाचा लिफाफा मागतोय— टकल्याने शिडीवर टाकलेला पाय मागे घेतला—