गुडघ्याचं आणि टॅबलेटचं एकच उत्तर

आदरणीय दाजींना,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (वाकून करायचा होता, पण उजवा गुडघा वाकू देत नाही. वाकलो असं समजून आशीर्वाद द्यावा.)

तुमची तब्येत बरी असेलच. ताईचा खोकला थांबला का? तुम्ही दोन्ही गुडघे बदलून घेऊनसुद्धा रोज बाजारात जाऊन भाजी आणता, असं ती येईल-जाईल त्याला सांगत असते. फोनच करणार होतो, पण मी फोनवर बोलायला लागलो की आमची ही स्वयंपाकघरातला नळ बंद करून ऐकत बसते. तर बातमी अशी, की सोमवारी माझा गुडघा बदलणार आहेत. मी घाबरलेलो नाही. फक्त घास घशाखाली उतरत नाही, आणि दाराची बेल वाजली तरी छातीत धस्स होतं.

या सगळ्याला कारण तो टॅबलेट. गुडघ्याचे व्यायाम शिकवणारी बाई त्यातच दिसणार, म्हणून आपल्या धाकट्या लेकीनं घेऊन दिला. बाई चांगली होती, पाय वर करा म्हणाली की मी करायचो. एके दिवशी माझा पाय वर असतानाच पडदा काळा झाला. बघितलं तर चार्जिंगची पिन बसते ती जागा सैल झालेली. दाजी, जन्मभर मी जळालेल्या मोटरी बांधल्या. विहिरीतल्या पंपापासून मिक्सरपर्यंत काही सोडलं नाही. मला ते काम म्हणजे चहा उकळेपर्यंतचं. पण ही म्हणाली, वस्तूला गॅरंटी आहे, तुम्ही हात लावायचा नाही. म्हणून कंपनीच्या दुकानात गेलो.

तिथली मुलगी भारी गोड बोलणारी. मी तिला म्हटलं, आत कथलाचा एक टाका मारला की काम होईल. तर तिनं टॅबलेट उघडलाही नाही. मागच्या एका प्लास्टिकच्या पेटीत टाकला (आत असे कितीतरी पडले होते, एकावर एक, तोंडं खाली करून) आणि खोक्यातला नवा काढून माझ्या हातात ठेवला. हसून म्हणाली, "काका, यात दुरुस्त करण्यासारखं काही नसतं. आम्ही बदलूनच देतो."

त्याच दुपारी डॉक्टरांकडे गेलो. गुडघ्याचा फोटो उजेडावर धरून ते म्हणाले, "काका, यात दुरुस्त करण्यासारखं काही राहिलं नाही. आपण बदलूनच टाकू." आणि हसले. अगदी तसंच हसले हो! काही तेलपाणी, एखादा वायसर, असं विचारून पाहिलं. नाही म्हणाले. मग विचारलं, जुना परत देता का? (आमच्या धंद्यात जळालेली तार गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायची पद्धत आहे, नाहीतर तांबं चोरलं म्हणतात.) डॉक्टर पुन्हा हसले, नर्सही हसली. बाहेर येईपर्यंत माझा सदरा भिजला होता.

बरं, नवा टॅबलेट तरी धड असावा? त्यानं आधी मला विचारलं, तुमचं नाव काय? जुन्याला माझा आवाज कळायचा, चष्मा लावला नाही की अक्षरं मोठी करून द्यायचा. हा मला ओळखतच नव्हता. तेव्हापासून डोक्यात तेच. उद्या नव्या गुडघ्यानं मला ओळखलं नाही तर? आमच्या जिन्याची तिसरी पायरी उंच आहे हे जुन्याला पाठ आहे. याला कोण सांगणार?

आणि आठवड्याच्या आत या नव्याचीही तीच पिन सैल! आता मात्र माझा हात शिवशिवला. ही देवळात की बहिणीकडे गेली होती, तेवढ्यात तिच्या केस वाळवायच्या मशीननं टॅबलेटची पाठ गरम केली आणि पातळ पातं आत सरकवलं. मोटर अशी उघडत नाहीत, तिला चार बोल्ट असतात. याला एकही नाही, सगळा डिंकाचा कारभार. कट्‌ असा आवाज आला आणि पडदा या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडकला. गेलो पुन्हा त्या मुलीकडे, अपराध्यासारखा. तिनं कडेवरून बोट फिरवलं आणि या वेळी हसली नाही. उघडलेला माल कंपनी परत घेत नाही म्हणे, गॅरंटी संपली.

दाजी, मी तिथल्या खुर्चीत मटकन बसलो. तिला वाटलं टॅबलेटसाठी. मला दिसत होता सोमवार. मला एकदा उघडल्यावर काही बिघडलं, तर माझी गॅरंटी कोण घेणार? हिला विचारलं तर म्हणाली, वेड्यासारखं बोलू नका, जेवा. घरात सगळे हसतात, म्हणून मीही हसतो. रात्री मात्र गुडघ्यावर हात ठेवून झोपतो.

असो. मुलांना आशीर्वाद, ताईला नमस्कार. लोभ आहेच, तो बदलून न घेता आहे तोच वापरावा.

तुमचा,
मोटरवाला मेहुणा

ता. क. घाबरलेलो नाही असं वर लिहिलं, तेव्हा ही मागे उभी होती. आता दूध तापवायला गेली आहे. फार घाबरलोय, दाजी. सोमवारी मला आत नेईपर्यंत जवळ बसाल का? धीर वगैरे देऊ नका, तो सगळेच देतात. फक्त त्या लांब व्हरांड्यातून माझ्याकडे चालत या. मला तुम्हाला चालताना बघायचंय.

आणखी एक. ताई, पाकीट आधी तूच फोडणार हे ठाऊक आहे. काळजी करू नकोस गं, मी मजेत आहे. हे सगळं दाजींना हसवायला म्हणून लिहिलंय.

(ही ओळ ताईनं वाचू नये.) दाजी, हसवायला नाही लिहिलं. रविवारीच या.