वाळल्यावरचा रंग

मंडी मोहल्ला, म्हैसूर
मंगळवार, १९ नोव्हेंबर २०२४

प्रिय सिंचना,

आज सकाळी नळाला पाणी लवकर आलं. पूजा केली. शाळेच्या एका युनिफॉर्मची उंची वाढवून दिली, दोन ब्लाउजना हुक लावले. जेवायला भात आणि तोंडल्याची भाजी केली, थोडी उरली. दुपारी फिल्टरमध्ये कॉफी घातली, नेहमीपेक्षा बरीच जास्त. त्याचं कारण पुढे लिहीन. बाकी दिवसात विशेष काही झालं नाही.

काल तू फोनवर विचारलंस, "अम्मा, पावडर लावू का नको?" आणि मी म्हणाले की कुकर लावलाय, नंतर बोलते. कुकर लावलेला नव्हता. नंतर फोन हातात घेऊन बसले, पण लावला नाही. फोनवर मला बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. माझी भाग्या म्हणायची, "आमच्या अम्माचा फोन म्हणजे हं, हं, बरं, ठेवते." बेळगावच्या मराठी शाळेत शिकले तेवढं लिहायला येतं, आणि तूही हल्याळला चौथीपर्यंत मराठीच शिकलीस, म्हणून लिहिते. कोपऱ्यावरच्या दुकानातला सत्यनारायण गुरुवारी अस्तराचं कापड आणायला बंगळूरला चिकपेटेत जाणार आहे. त्याच्याबरोबर ही चिठ्ठी आणि एक पुडकं देते. शनिवारच्या प्रयोगाआधी तुला मिळेल.

तू सांगितलेलं सगळं मी नीट ऐकलं होतं. दुसऱ्या अंकात तुम्ही सगळ्या मुली पांढऱ्या झग्यात एका रांगेत येता, सगळ्यांचे हात एकदम वर जातात. तुमचे सर म्हणाले की रांग एकसारखी दिसली पाहिजे आणि तुझ्यामुळे नजर अडकते. हात, मान, पाठ, चेहरा, सगळीकडे पांढरी पावडर लाव. आणि "वाईट वाटून घेऊ नकोस, ही बॅलेची परंपरा आहे." नाही लावलीस तर शनिवारी तुझ्या जागी दुसरी मुलगी उभी राहील. तू हे सांगताना हसत होतीस. तू कधी हसतेस ते मला आता ओळखता येतं.

खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच की लावून टाक. तासाभराचा तर प्रश्न, मग धुऊन टाक. अंधाऱ्या सभागृहात शेकडो माणसं बसलेली असतात आणि त्यांतलं कोण कसं आहे ते आपल्याला ठाऊक नसतं. तू इतरांसारखी दिसलीस तर तुझ्याकडे कुणाचं लक्ष जाणार नाही आणि मी इथे शांत बसेन. मला भीती वाटते, सिंचना. तू बंगळूरला गेल्यापासून फोन शिलाई मशीनवरच ठेवते. तो थरथरला की पायाखालचं पायडल थांबतं. खोलीच्या मालकाने पासपोर्ट मागितला आणि तू त्याला "रेशन कार्ड चालेल का? हल्याळ तालुका!" असं म्हणालीस, हे तू मजेत सांगितलंस. मीही हं म्हणाले. पण त्यानंतर कितीतरी दिवस मला वाटत राहिलं की एखाद्या संध्याकाळी रस्त्यावर चार जण तुला अडवतील आणि तुला रेशन कार्ड काढायलाही वेळ मिळणार नाही. इथेही लोक विचारायचेच. मी सांगायचे, अहो ती सिद्दी आहे, त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले, पण कित्येक पिढ्या आपल्याच रानात गेल्या त्यांच्या. तर खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "हो का? पण कन्नड किती छान बोलते!"

तू आमच्याकडे आलीस ते भाग्यामुळे. इथल्या हेब्बाळच्या कंपनीतून सुटली की ती त्या भाड्याच्या हॉलमध्ये मुलींना बॅले शिकवायची, आणि तू खेळाच्या वसतिगृहातून येऊन खिडकीशी उभी राहायचीस. तुला धावण्यासाठी आणलं होतं. तुझे कोच तुला शोधत आले तेव्हा मी तिथे हुक लावत बसले होते. ते म्हणाले, "मॅडम, हिला कशाला नाचात घेता? हे लोक धावण्यासाठीच जन्मलेले असतात." भाग्या म्हणाली, "असं का? मी शिंप्याची मुलगी, मग मी काय बटणं लावायला जन्मले?" मी मान वर केली नाही. मला वाटलं, झालं, आता हा माणूस तक्रार करणार. तिच्या अशा बोलण्याची मला नेहमी धास्ती वाटायची.

पहिले सॅटिनचे बूट आले तो दिवस तुला आठवत असेल. डब्यावर रंगाचं नाव "स्किन" असं छापलेलं होतं. आत फिकट गुलाबी बूट. भाग्याने डबा तुझ्या पायाशी धरला आणि म्हणाली, "कुणाची स्किन गं ही?" तू एवढी हसलीस की खाली बसलीस. मग तिने मला संगणकावर त्या परदेशातल्या काळ्या मुली दाखवल्या. अमेरिकेतल्या, लंडनमधल्या. प्रत्येक प्रयोगाआधी त्या आपले गुलाबी बूट तोंडाला लावायच्या रंगाने स्वतःच रंगवत बसतात. वर्षानुवर्षं बसल्या, तेव्हा कुठे आता काही कंपन्या तपकिरी बूट करू लागल्या आहेत. एवढ्या मोठ्या रांगेत तसली एखादीच मुलगी, कधी तीही नाही. भाग्या म्हणाली, "अम्मा, बूट पायाच्या रंगाचा असला की पाय कमरेपासून बोटापर्यंत एकच रेघ दिसतो. हिला गुलाबी घातला तर घोट्याशी पाय तोडल्यासारखा दिसेल." ते मात्र मला लगेच कळलं. आमच्या सासरी शिलाईच्या आधी रंगाऱ्याचंच काम होतं.

म्हणून मी हुशारी केली आणि अख्खा बूट रंगाच्या पातेल्यात बुडवला. कापड बुडवायची सवय. तुझ्या बुटाचं टोक भिजलेल्या पावासारखं झालं, कारण आत खळीचे थर असतात हे मला कुठे माहीत होतं! तू रडवेली झालीस, भाग्या डोक्याला हात लावून बसली, आणि मग तुम्ही दोघी माझ्याकडे बघून जे हसलात ते हसलातच. पुढच्या जोडीला मी स्पंजने नुसतं टिपत टिपत कॉफीचं घट्ट डिकॉक्शन लावलं, त्यात थोडा पानातला काथ. तू खिडकीत पाय धरून बसायचीस आणि मी रंग जुळवायचे. ओला रंग नेहमी गडद दिसतो, वाळला की उतरतो, म्हणून मी तुला सारखं "थांब, वाळू दे" म्हणायचे.

आता ज्याची भीती वाटते ते लिहिते. इथल्या प्रयोगाच्या दिवशी तू एकटीच मंचावर आलीस आणि मागच्या रांगांतून कुणीतरी माकडासारखा आवाज काढला. मग दोघातिघांनी. मी पुढच्या रांगेत बसले होते. मी पर्सचा पट्टा घट्ट धरला आणि समोर बघत राहिले. भाग्याने संगीत बंद केलं, दिवे लावायला सांगितले आणि चालत त्या रांगेपाशी गेली. "कोण ते? उभे राहा. नाही? बरं. मी थांबते. मला काही घाई नाही." कुणीच उभं राहिलं नाही, पण कुणी हूं की चूंही केलं नाही. तू मंचावर हात तसेच धरून उभी होतीस. मग तिने पहिल्यापासून संगीत लावलं आणि तू पहिल्यापासून नाचलीस. घरी आल्यावर तिने मला विचारलं, "अम्मा, तू बघितलंस का त्यांची तोंडं?" मी म्हणाले, नाही, मी मागे वळले नाही.

आता भाग्या नाही. शनिवारी तसाच आवाज आला तर दिवे लावायला कोण सांगेल, हाच विचार कालपासून माझ्या डोक्यात आहे. तुमचे सर सांगतील असं मला वाटत नाही. म्हणून वाटलं, पावडरच बरी.

पण आज मशीनवर बसले असताना बंगळूरचं हॉस्पिटल आठवलं. तू परीक्षेच्या दिवसांत इथेच होतीस, म्हणून शेवटचे दिवस तू पाहिले नाहीस आणि मीही कधी सांगितले नाहीत. भाग्या माझ्यावर गेलेली, सावळी. लहानपणी मी तिला साय आणि हळद लावायचे, स्थळं यायची आणि रंग बघून जायची, हे तुला माहीत आहे. रक्ताच्या त्या आजारात तिचा रंग उतरत गेला. आधी ओठ, मग तळहात, मग नखांच्या कडा. मी रोज बघत होते. कापडाचा रंग उतरला तर पुन्हा चढवता येतो, त्यामुळे माझे हात सारखे काहीतरी करायला शिवशिवायचे आणि करण्यासारखं काहीच नव्हतं. एके दिवशी गंगाधररावांच्या मिसेस म्हैसूरहून भेटायला आल्या. चांगल्या बाई, मनात वाईट काही नाही. तिच्याकडे बघून म्हणाल्या, "अगंबाई, किती गोरी झालीस गं! नवरीसारखी दिसतेस." भाग्या माझ्याकडे बघून म्हणाली, "अम्मा, झाले बघ एकदाची." आणि हसली. त्या गेल्यावर तिने भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. तिला घेऊन निघालो तेव्हा मी ठरवलं की त्या शहरात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही. तू किती वेळा बोलावलंस, मी गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघे ठीक आहेत.

तर काल जे सांगायचं राहिलं ते हे. जिवंत माणसाच्या अंगावरचा रंग गेलेला मी एकदा पाहिला आहे. तुझ्या अंगावर तो पुसलेला मला बघवणार नाही. पावडर लावू नकोस असं माझं मन म्हणतं. पण नाचणारी तू आहेस. जागा जाईल ती तुझी आणि सरांना तोंड द्यायचं तेही तूच. तू लावलीस तरी मी रागावणार नाही, रांगेत तुला तुझ्या हातांवरून ओळखीन. नाही लावलीस आणि त्यांनी तुला उभं केलं नाही, तर आपण दोघी बाहेर कुठेतरी डोसा खाऊ आणि घरी येऊ. आपण दोघी असं लिहिलं, कारण मी येते आहे. सत्यनारायणकडून शनिवारी सकाळच्या गाडीचं तिकीट काढून घेतलं. स्टेशनवर घ्यायला ये, त्या गर्दीत मी एकटी हरवेन. पुडक्यात बूट आणि मोजे आहेत, आज दुपारी रंगवले. तुझा पाय समोर नव्हता, आठवणीने रंग धरला, चुकला असेल तर सांग. मला शक्यतो पुढची खुर्ची मिळव. भाग्यासारखं बोलायला मला या जन्मात जमणार नाही. पण कुणी काही आवाज काढला तर मी उठून उभी राहीन आणि मागे वळून त्यांच्याकडे बघेन. ते गप्प होईपर्यंत बघेन. हात तसेच धरून ठेव.

बूट खिडकीत वाळले आहेत, आत्ता उजेडात नेऊन बघितले. रंग मला तरी बरोबर वाटला. स्पंज धुऊन ठेवला. फिल्टरच्या तळाशी थोडं डिकॉक्शन उरलंय, ते टाकवत नाही. दूध तापवून एक कप कॉफी करून घेते.

तुझीच,
जानकीअम्मा