गोठलेल्या तळ्यावरून

कॅनडा, २ फेब्रुवारी

अनिताच्या बाबांस, पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

अनिता आन बाळ दोघंबी ठीक हायेत. थंडीनं माजा गुडघा जरा धरतो, पर चालतंय. तुमी गोळ्या येळेवर घेता न्हवं?

रविवारी जावईबापूंनी मला तळ्यावर नेलं. आपल्या पवना धरणाहून मोठं, पर सगळं गोठलेलं. त्यावरून मोटारी चालल्या हुत्या! मी काठावरच थांबले.

"आई, हात धरा," जावईबापू म्हणाले. मग मी हात धरून बर्फावर गेले. बर्फाखाली काळंभोर पाणी दिसत हुतं. माज्या तोंडातून शब्द फुटंना.

घरी आल्यावर अनिताला पुसलं, "अशा वक्ताला इंग्रजीत काय म्हणत्यात?"

"सर्रिअल. म्हणजे डोळ्यांसमोर खरं असतं, तरी स्वप्नच वाटतं."

मला तुमी आठवलात. त्या उन्हाळ्यात धरण आटलं आन तुमचं बुडालेलं घर वर आलं, तवा तुमी चिखलातल्या उंबऱ्यावर बसून राहिलात. मी किती पुसलं, पर तुमी बोलला न्हाई. मी लय रागावले हुते. तुमच्यापाशी तवा शब्दच नव्हता, हे मला हितं बर्फावर कळलं.

मी आले की उन्हाळ्यात दोघं तितं जाऊ. मी तुमच्याशेजारी गप बसंन.

तुमचीच,
मुक्ता